बाबासाहेबांचं पाणी : एका जुन्या कोठ्याचा शोध

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षी याच मेळाव्यात एक सूचना पुढे आली होती, ती आपणांस स्मरत असेल. दौलताबादच्या शिवाराला लागून असलेल्या आमच्या गावी आमच्या घराण्याचा एक जुना कोठा आहे. काळ्या दगडाच्या भिंती, वर मातीचे धाबे, पुढे कडुनिंब आणि पन्नास पावलांवर विहीर. १९३४ साली परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर दौलताबादचा किल्ला पाहण्यास आले, किल्ल्यावर त्यांना पाणी नाकारले गेले, तेव्हा ते या कोठ्यावर आले आणि आमच्या पूर्वजांनी त्यांना विहिरीचे पाणी दिले, अशी हकीकत आमच्या भावकीत सांगितली जाते. तेव्हा त्या ठिकाणी संस्थेने फलक बसवावा, अशी ती सूचना होती. वर्गणीचाही विषय निघाला. त्या वेळी आम्ही उभे राहून एवढेच म्हणालो होतो की, दगडावर अक्षरे कोरण्यापूर्वी आम्हांस एक वर्ष द्या. आम्ही शोध घेतो. आपण ते मान्य केलेत. आज त्या शोधाचा हिशेब आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम १९३४ सालची हकीकत पाहू, कारण ती स्वतः बाबासाहेबांनीच लिहून ठेवलेली आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आत्मकथनपर लिखाणात ती येते. हे इंग्रजी लिखाण त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकारूपाने काढले आणि पुढे १९९३ साली महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात ते आले. त्यातील हकीकत थोडक्यात अशी. चळवळीतील सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्याचा बेत ठरला. मंडळी सुमारे तीस होती. नाशिकहून येवल्यामार्गे बसगाड्या व मोटारी करून ती निघाली. अस्पृश्य म्हणून प्रवासात अडवणूक होऊ नये, यासाठी दौऱ्याचा गाजावाजा मुद्दामच केलेला नव्हता. महिना रमजानचा होता. किल्ल्याच्या दरवाज्याबाहेर पाण्याने भरलेला एक लहान हौद होता व भोवती दगडी फरसबंदी होती. धुळीने माखलेल्या मंडळींनी तेथे हातपाय व तोंड धुतले आणि ती दरवाज्यात गेली. तेवढ्यात मागून एक वृद्ध मुसलमान गृहस्थ, हौद बाटवला, असे ओरडत धावत आले. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. प्रसंग हातघाईवर येतो की काय, अशी वेळ आली. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती एका अटीवर, की आत कोठेही पाण्याला शिवायचे नाही. त्यासाठी हत्यारी शिपाई सोबत देण्यात आला.

विद्यार्थी मित्रांनो, ही हकीकत घडली तेव्हा महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला सात वर्षे होऊन गेली होती. मुंबई इलाख्यात निदान कोर्टात दाद मागता येत होती आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याच्या खटल्यात आपल्या बाजूने निकालही दिला. येथे मात्र निजामाचे राज्य होते. या प्रसंगानंतर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, ज्या येवल्यावरून ही मंडळी आली होती त्याच येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. म्हणून दौलताबादच्या त्या हौदाला आपल्या इतिहासात मोठे स्थान आहे, आणि म्हणूनच त्याच्याशी आपल्या घराचे नाते सांगावेसे वाटणे स्वाभाविक आहे. ते आम्हांसही वाटत होते. लहानपणापासून आम्ही त्या विहिरीचे पाणी ओंजळीने पीत आलो आणि मनात म्हणत आलो की, हे बाबासाहेबांनी प्यालेले पाणी.

परंतु शोधाला आरंभ केल्यावर पहिल्याच आठवड्यात अडचण आली. बाबासाहेबांच्या लिखाणात किल्ल्यानंतर कोणाच्या शेतावर गेल्याचा उल्लेख नाही. बरे, लिहिण्यात राहून गेले असेल असे धरून चालू. पण आमच्या भावकीतील हकीकतीत ते ‘भर उन्हात, चैत्र-वैशाखात’ येतात आणि कडुनिंबाखाली बसतात. रमजानचे महिने दरवर्षी मागे सरकतात, हे आपण जाणता. १९३४ साली रमजान आला तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात, म्हणजे दोन्ही वेळा थंडीत. बाबासाहेबांचा रमजान खरा धरला, तर आमचा वैशाख टिकत नाही. दुसरे असे की, जो दौरा जाहीर झालेला नव्हता, तो आमच्या आजोबा-पणजोबांना ठाऊक कसा झाला? आणि तीस माणसांच्या बसगाड्या त्या काळी बैलगाडीच्या वाटेवरून आमच्या शेतापर्यंत आल्या कशा? या प्रश्नांना आमच्याकडे उत्तर नव्हते.

मग आम्ही ठरविले की, बाबासाहेब आले की नाही हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवायचा आणि साधा प्रश्न विचारायचा : हा कोठा बांधला कोणी आणि केव्हा? विद्यार्थ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मोठ्या प्रश्नाला हात घालण्याआधी लहान प्रश्न सोडवावा.

घरात पत्र्याची एक जुनी पेटी आहे. तीत एक उर्दू कागद जपून ठेवलेला होता. ‘हा चौतीस सालचा कागद आहे, यात सगळे आहे,’ असे वडीलधारी मंडळी सांगत. निजामी राजवटीत सरकारी कारभार उर्दूत चाले. त्यामुळे आपल्यापैकी कित्येकांच्या घरी असे कागद आहेत आणि ते कोणालाच वाचता येत नाहीत. आम्ही तो घेऊन खुलताबादच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला आणि सांगितले की, ही जमिनीच्या महसुलाची पावती आहे, साल १३४४ फसली. हैदराबाद संस्थानात कारभारासाठी फसली सन वापरीत. त्यात साधारण ५९० मिळविले की इसवी सन येतो. म्हणजे साल १९३४-३५ खरे निघाले, पण मजकूर मात्र सारा भरण्याचा! त्यात ना बाबासाहेब, ना कोठा, ना विहीर. घराण्यात कोणीतरी केव्हातरी साल वाचून घेतले असावे आणि बाकीचे आपण मनाने भरले. जाताना त्या गुरुजींनी आम्हांस चहा पाजला आणि एक पैसाही घेतला नाही. हौदावर धावून आलेले गृहस्थ त्यांच्या समाजाचे होते आणि आमचा कागद वाचून देणारे गुरुजीही त्याच समाजाचे. इतिहास सांगताना दोन्ही सांगितले पाहिजे.

यानंतर तलाठी कार्यालय व तहसील झाले. मराठवाड्यातील जमिनींच्या बाबतीत १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक हा महत्त्वाचा जुना आधार मानला जातो. अर्ज करून त्याची नक्कल मिळते. आम्ही ती काढली. आमची जमीन म्हणजे गावकीच्या चाकरीबद्दलची इनाम जमीन. त्यात आमच्या पणजोबांचे नाव आणि पुढे भावकीतील इतरांची नावे सामाईक. जमीन कोरडवाहू, आणि विहिरीच्या रकान्यात काहीही नाही. आम्ही तो रकाना पुन्हा पुन्हा पाहिला. १९५४-५५ साली त्या शेतात विहीर नव्हती. जेथे विहीर नव्हती, तेथे १९३४ साली कोणी कोणाला विहिरीचे पाणी दिले?

कोणी म्हणेल, सरकारी कागदात चूक असते. असते, हे आम्हीही मान्य करतो. आपल्या माणसांची नावे तर कितीदा चुकीची लिहिली गेली, कितीदा लिहिलीच गेली नाहीत. म्हणून आम्ही कागदावर थांबलो नाही, कोठ्याच्या भिंतीला विचारले. भिंतीच्या दगडांवर ठिकठिकाणी बोटभर रुंदीच्या, अर्ध्या गोल, सरळ खाचा आहेत. गावातील एका जुन्या वडाराने त्या पाहताच सांगितले की, ही सुरुंगाची भोके आहेत. खडकात पहारीने भोक पाडायचे, दारू ठासायची आणि उडवायचे. दगड फुटतो तो भोकावरच, म्हणून निम्मी खाच दगडावर राहते. मग त्यांनी आम्हांस विहिरीच्या कडेला नेले आणि आतल्या खडकात तशाच निम्म्या खाचा दाखविल्या. वर चार हात मुरूम, खाली तोच काळा पाषाण. कोठ्याचा दगड विहिरीतून निघालेला आहे. म्हणजे आधी विहीर, मग कोठा. आणि विहीर १९५५ च्या आधीची नाही.

आता राहिली माणसे. आमची थोरली आत्या पैठणकडे दिलेली आहे. वय ऐंशीच्या घरात. शाळा तिने पाहिली नाही, परंतु स्मरण खणखणीत. खरे पाहता तिच्याकडे आम्ही प्रथम जावयास हवे होते, पण बाईमाणसाला काय विचारायचे, ही खोड आपल्यातही आहे. कागद, दगड सगळे झाल्यावर आम्ही तिच्याकडे गेलो आणि विचारले, ‘आत्या, विहीर कधी खणली गं?’ ती लगेच म्हणाली, ‘बाबासायेब गेले ना, त्याच्या म्होरल्या उन्हाळ्यात. मी दहा-अकरा वर्साची असंल. दगडाच्या पाट्या वाह्यल्यात मी या डोक्यावर.’

बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. त्यापुढचा उन्हाळा म्हणजे १९५७ चा. कागद, दगड आणि आत्या, तिघांची साक्ष एका ठिकाणी आली.

मग आत्याने जे सांगितले, ते ऐकून आम्ही वही मिटून बसलो. ती म्हणाली की, दीक्षेची बातमी आल्यावर आमच्या आजोबांनी व वस्तीतल्या पाच-सहा घरांनी गावकीची कामे सोडली. मेलेले ढोर ओढायचे नाही, येसकरकी करायची नाही, दारोदार भाकरी मागायची नाही. गावानेही मग बलुते बंद केले. सुगीला खळ्यावर कोणी बोलावले नाही. तोवर आमच्या घरात धान्य येई ते बलुत्याचे व खळ्यावरच्या मातेऱ्याचे. ते दोन कणग्यांत मावे आणि पाडव्याच्या आत संपे. त्याला कोठा कशाला लागतो? ‘मागून आणलेल्याला कोठा लागत नाही रं बाळा,’ हे तिचे शब्द. आता मात्र जे पिकेल ते आपलेच, आणि पिकवलेच पाहिजे. म्हणून सामाईक इनाम जमिनीतला आपल्या वाट्याचा तुकडा कसायला घेतला आणि पाण्यासाठी विहीर धरली. आजोबा, त्यांचे दोन भाऊ आणि घरातल्या बायका-पोरी यांनी ती खणली. निघालेल्या दगडाचा कोठा झाला. बाभळीचे खांब, निंबाच्या तुळया, एका अंगाला दोन बैलांची गव्हाण, दुसऱ्या अंगाला धान्याचे बळद. ते आत्याने आणि तिच्या आईने शेणामातीने लिंपले.

‘आणि बाबासाहेबांचं पाणी?’ आम्ही विचारले.

ती हसली. म्हणाली, ‘पाणी लागलं तव्हा आमच्या बानं नारळ न्हाई फोडला, बकरं न्हाई कापलं. वंजळ भरून घेतली आन् म्हनला, हे बाबासायबाचं पाणी. हितं कोणी ये न्हाई म्हननार न्हाई. तव्हापासून त्याला तेच नाव.’

बंधू-भगिनींनो, येथे सारा उलगडा झाला. ‘बाबासाहेबांचं पाणी’ याचा अर्थ बाबासाहेबांनी प्यालेले पाणी असा नव्हता. बाबासाहेबांमुळे मिळालेले, कोणी नाकारू शकणार नाही असे पाणी, हा तो अर्थ. पुढच्या पिढीने नाव ऐकले, अर्थ ऐकला नाही. आमचे एक चुलते शिक्षक होते. १९९० नंतर ती पुस्तिका त्यांच्या वाचनात आली. दौलताबाद, हौद, नाकारलेले पाणी हे सारे वाचून त्यांनी मनात सांधा जुळविला आणि जयंतीच्या भाषणांतून तो सांगितला. आम्ही भावकीतल्या म्हाताऱ्या माणसांना वेगवेगळे विचारले. १९९० पूर्वी ऐकलेल्या गोष्टीत किल्ला कोणालाच आठवत नाही, ‘बाबासाहेबांचं पाणी’ एवढेच शब्द आठवतात. चुलत्यांनी खोटे सांगितले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना तसे मनापासून वाटले. प्रेमातून असे घडते.

हे सारे घरी सांगितले तेव्हा एक चुलतभाऊ संतापून म्हणाला, ‘तुम्ही बाबासाहेबांना आमच्या घरातून बाहेर काढता काय?’ त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. परंतु विचार करता आम्हांस केसमुत्त सुत्ताची आठवण झाली. कालामांना तथागतांनी काय सांगितले? केवळ परंपरेने आले म्हणून, ऐकीव आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः तपासून पाहा. आपण बुद्ध-वंदना म्हणतो, धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतो, म्हणजे ये आणि पाहा. मग आपल्याच घरच्या गोष्टीला ते लावायचे नाही का? दुसऱ्यांच्या पुराणांना पुरावा मागायचा आणि आपल्या पुराणावर फलक लावायचा, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभणार नाही. ज्यांनी आयुष्यभर शब्दागणिक पुरावा दिला, त्यांच्या नावाने बिनपुराव्याचा दगड कसा उभा करायचा?

आणि नीट पाहता आम्ही बाबासाहेबांना घराबाहेर काढलेले नाही. पहिल्या हकीकतीत ते एका दुपारपुरते येऊन गेलेले पाहुणे होते. दुसऱ्या हकीकतीत ते कोठ्याच्या प्रत्येक दगडात आहेत. त्यांना पाणी देण्याचे पुण्य आमच्या पूर्वजांना लाभले नाही. पण त्यांचे ऐकून बलुते सोडण्याचे धैर्य आमच्या पूर्वजांनी दाखविले. यात थोर काय, ते आपणच ठरवावे.

आपण दौलताबादच्या सावलीत राहतो. या किल्ल्याचा इतिहास सर्वांना पाठ आहे. यादवांची देवगिरी, १२९६ ची अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी, १३२७ च्या सुमारास राजधानी येथे आणणारा महंमद तुघलक, निजामशाही, मलिक अंबर, १६३३ साली किल्ला घेणारे मोगल. राजांची नावे आहेत, सालही आहे. किल्ल्याभोवतीचा खंदक ज्यांनी कातळात खोदला, त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्याला माहीत नाही. शेजारी कागजीपुऱ्यात शेकडो वर्षे हातकागद बनला. कागद आपल्या दाराशी बनत होता, पण त्यावर आपले नाव लिहिण्याची चाल नव्हती. आणि जी थोडी कागदपत्रे आपल्या घरांत जमली, त्यातली कित्येक १९७८ साली, विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यातल्या वस्त्या जाळल्या गेल्या तेव्हा, घरांबरोबर जळाली. म्हणून जे उरले आहे ते गोळा करणे, हे आता आपलेच काम आहे. १९५० साली बाबासाहेबांनी मराठवाड्यात मिलिंद महाविद्यालयाचा पाया घातला, तो आपण वाचावे, लिहावे आणि तपासावे यासाठीच.

विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या घराण्याची एक वही करावी. आधी घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला विचारावे. साल विचारू नये, ते तिला येणार नाही. मोठ्या दुष्काळाच्या आधी की नंतर, सुकडी मिळत होती तेव्हा की बाबासाहेब गेले तेव्हा, असे विचारावे, म्हणजे साल आपोआप निघते. बहात्तरचा दुष्काळ कोणी विसरलेले नाही. मग शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, खासऱ्याची नक्कल, फेरफार, ग्रामपंचायतीची घरपट्टीची नोंद पाहावी. हे कागद जातीच्या दाखल्याला आणि जमिनीच्या हक्कालाही उपयोगी पडतात. उर्दू कागद असेल तर वाचता येणाऱ्यास नम्रपणे विचारावे. आणि जे सापडेल ते जसे आहे तसे लिहावे. चांगले तेवढेच लिहिले तर वही लवकर भरेल, पण उपयोगाची राहणार नाही.

आता फलकाविषयी. गेल्या पावसाळ्यात कोठ्याच्या धाब्याचा एक खण खाली आला आहे. भावकीत वाटणीचे बोलणे सुरू आहे आणि कोठा पाडून जागा विकावी असेही काहींचे म्हणणे आहे. तो किती काळ उभा राहील, हे आमच्या हाती नाही. म्हणून आमची सूचना अशी की, संस्थेने फलक जरूर बसवावा, पण त्यावर १९३४ लिहू नये. त्यावर एवढेच लिहावे की, १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ज्यांनी बलुते सोडले, त्यांनी १९५७ च्या उन्हाळ्यात ही विहीर खणून तिच्या दगडांतून हा कोठा बांधला. खाली नावे असावीत. आजोबांचे, त्यांच्या भावांचे आणि आमच्या आजीचे व आत्याचेही. सातबाऱ्यावर बायकांची नावे लागली नाहीत, ती निदान दगडावर लागावीत. कारण पाट्या त्यांनीच वाहिल्या.

आणि वर्गणीचे पैसे उरले तर त्यातून एक टेपरेकॉर्डर घ्यावा. आत्यासारखी माणसे आता प्रत्येक वस्तीत एक-दोनच उरली आहेत.

निघताना आम्ही आत्याला विचारले, फलकावर तुझे नाव घालू का? ती म्हणाली, ‘घाला की. पण आधी धाबं नीट करा, पाऊस यील.’

तिचे म्हणणे आपणांस सांगून आम्ही आमचे दोन शब्द संपवितो. नमो बुद्धाय. जय भीम.